दुबईतल्या आमच्या भाऊले मनापासून थँक्यू

भाऊ, नमस्कार. हे सगळ्यायच्या देखत लिहून राह्यलो कारण फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाई, गावाचंच काम आहे म्हणून विषय बदलता. पण यंदाचा आपला शंकरपट, म्हंजे बैलजोड्यायची दौड, जसा झाला त्याच्यात तुमचा किती हात होता हे लोकायले माहीत पाहिजे.

ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी, भाऊ आपल्या भंडारा जिल्ह्यातलेच, बरेच वर्षं झाले दुबईले रेसच्या घोड्यायच्या तबेल्यात कामाले आहेत. बंदी उठल्यावर पट पुन्हा भरवायचं ठरलं तवा कमिटीत एकच चर्चा, बक्षीस वाढवा, मोटरसायकल ठेवा, जोड्या आपोआप येतील. मी भाऊले सहज विचारलं का तुमच्या तिथली दुबई वर्ल्ड कप ही घोड्यायची रेस एवढी मोठी झाली कशी, तर ड्युटी संपल्यावर रात्री रात्री व्हॉइस मेसेज यायले लागले, लंबे लंबे, आणि मी ते कमिटीले ऐकवत गेलो.

पयली रेस १९९६ ची, नाद अल शेबाच्या मैदानावर, बक्षीस ४० लाख डॉलर. दुबईचे आताचे शासक शेख मोहम्मद यायच्या डोक्यातली गोष्ट. अमेरिकेचा सिगार नावाचा घोडा लागोपाठ १३ रेसा जिंकून आलेला आणि तिथं अर्ध्या लेंग्थनं, म्हंजे घोड्याच्या अर्ध्या लांबीनं, चौदावी जिंकला. पुढच्याच वर्षी पावसानं मैदान असं भिजलं का रेस पुढं ढकलावी लागली, तरी मोडली नाई, काही दिवसांनी झाली आणि सिंगस्पील जिंकला. बक्षीस २०१० ले १ कोटी झालं, २०१९ ले १ कोटी २० लाख, आता तर एका संध्याकाळच्या ९ रेसा मिळून ३ कोटी ५ लाख डॉलर. पण भाऊ, तुम्ही म्हणाले का आकडा पाहू नका, सिगार एवढ्या दूर आला काऊन ते पाहा. ज्या घोड्याले बोलावणं जाते त्याचा विमानाचा, राहण्याचा खर्च आयोजकच करतात! मालकानं फक्त घोडा आणायचा. हे ऐकून आमची कमिटी गप झाली, कारण आमच्याकडं बाहेरच्या जोडीले साधी सावली नव्हती मिळत.

दुसरं मैदानाचं. २०१० ले मेदान नावाचा नवा रेसकोर्स बांधला, ६० हजार माणूस मावते, आणि मातीच्या जागी टॅपेटा म्हणून कृत्रिम ट्रॅक टाकला. मातीवर पळणारे अमेरिकेचे घोडे कमी यायले लागले. मंग एवढा खर्च करून टाकलेला ट्रॅक काढला आणि २०१५ पासून परत माती. मले हे सगळ्यात मोठं वाटते, बक्षिसापेक्षाबी.

२०११ च्या रेसबद्दलचा मेसेज मी अजून डिलीट नाई केला. ११ मार्चले जपानात त्सुनामी आली, २६ मार्चले रेस होती, आणि जपानचा व्हिक्टोअर पिसा पयला, जपानचाच ट्रान्सेंड दुसरा. तुम्ही त्या दिवशी तिथंच होते, सांगता सांगता आवाज भरून आला तुमचा, आमच्यातले पोट्टेबी चूप बसले.

तर भाऊ, तुमचं ऐकून आम्ही काय काय केलं ते सांगतो. बाहेरगावच्या जोड्यायले मंडप, पाणी, कुटार, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्यायचं जेवण, सगळं कमिटीकडून. मोटरसायकल रद्द करून तो पैसा इकडं लावला, लोकं चिडले, पण जे झालं ते बरोबरच झालं. धुरकऱ्यायनं सांगतलं का वळणाकडचा पट्टा मुरमाड आहे, खुरं सोलतात, तर ट्रॅक्टरनं माती आणून टाकली. दौडीच्या आधी अन् नंतर डॉक्टरनं बैल पाहायचा, लंगडला का बाहेर. पैज लावणं बंद, तिथल्यासारखी फुकटची चिठ्ठी ठेवली, कोणती जोडी जिंकंल ते लिहून टाकायचं, बाया-पोरायनं लय लिहिल्या. नागझिऱ्याकडच्या, बालाघाटकडच्या जोड्या आल्या, ज्या आधी येत नव्हत्या, आणि जाताना पुढच्या सालची तारीख विचारून गेल्या.

तुमच्या आईले मंडपात पुढची खुर्ची दिली होती, फोटो पाठवला आहे.

आता एक काम राह्यलं. त्याच दिवशी अरबी घोड्यायची वेगळी रेस असते ना, काहायला क्लासिक, तिचं सविस्तर सांगतो म्हणाले होते. आपल्या गावठी लहान बैलायसाठी वेगळा गट ठेवायचा विचार चालू आहे, म्हणून तो मेसेज लवकर पाठवा, मीटिंग दिवाळीनंतर लगेच आहे.