आधी तपासणी, मग गोळी

स.न.वि.वि.

संपादक महोदय, कालच्या आरोग्य पुरवणीतला 'पायाला मुंग्या येतायत?' हा लेख वाचला आणि खरं सांगते, डोकंच फिरलं. मुंग्या आल्या की मेडिकलमधून बी कॉम्प्लेक्स आणा आणि सुरू करा, बरं वाटेल, असं सरळ छापलंत तुम्ही. पण मुंग्या बी१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही येतात, आणि ते या गोळ्यांत असतं. तपासणीच्या आधी गोळ्या सुरू केल्या तर रक्तातलं बी१२ वाढलेलं दिसतं, मग मुळात कमी होतं की नव्हतं हे कळणार कसं?

माझ्या आईला शुगर आहे, त्यावरची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू आहे आणि घरात सगळे शाकाहारी. तळपायाची आग व्हायची, मग पाय बधिर व्हायला लागले. जिना उतरताना चप्पल पायातून निघून मागच्या पायरीवर राहायची आणि ही तशीच खाली यायची, तिला पत्ताच नसायचा. डॉक्टरांकडे गेलो की "शुगरमुळे होतं हे, आता सांभाळून राहायचं" आणि प्रीगाबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरचं औषध. बी१२ बघायचं का विचारलं तर म्हणाले हिमोग्लोबिन चांगलंय, गरज नाही. हिमोग्लोबिन चांगलं असूनही बी१२ ची कमतरता नसांना मारते हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांनी तपासायला लावलं तर 200 च्या पण खाली! इंजेक्शनं दिली, आग थांबली, बोटांचा बधिरपणा मात्र तसाच राहिलाय. नसांना उशीर झाला की सगळं परत येत नाही. हा उशीर कशामुळे झाला सांगा?

मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी१२ नीट शोषलं जात नाही, लिव्हरमधला साठा वर्षानुवर्षं पुरतो म्हणून लवकर कळत नाही. ब्रिटनच्या औषध नियामकांनी 2022 मध्येच सांगितलंय की या गोळीवर असणाऱ्यांना लक्षणं दिसली तर बी१२ तपासा. आपल्याकडे मेटफॉर्मिन घेणारे घरोघरी आहेत, त्यात ॲसिडिटीची गोळी रोज घेणारेही कितीतरी (तिनंही बी१२ कमी होऊ शकतं), आणि लेखात या दोन्हीचा एका ओळीचाही उल्लेख नाही.

आणि ज्या गोळ्या घ्या म्हणताय त्यात बी६ असतं ना. शरीराला दिवसाला दीड-दोन मिलिग्रॅम पुरतं, काही गोळ्यांत 50 नाहीतर 100 सुद्धा असतं, आणि जास्त बी६ महिनोन्महिने घेतलं तर त्यानंच नसा खराब होतात, मुंग्या वाढतात! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2023 मध्ये मोठ्या माणसांसाठी दिवसाची मर्यादा 25 वरून 12 मिलिग्रॅमवर आणली. आधीच मुंग्या येणाऱ्या माणसाला हे न सांगता गोळी सुचवणं मला धोक्याचं वाटतं. फोलिक ॲसिडचंही तसंच, नुसतं तेच घेतलं तर ॲनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

कृपया पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापा, लेखाएवढ्याच जागेत, कोपऱ्यात नको. आणि जाता जाता, आरोग्याच्या पानावर हल्ली गुलाबी रंगावर पांढरी अक्षरं छापताय, ती आईला भिंग घेऊनही वाचता येत नाहीत. गोळ्यांचे आकडे तरी काळ्या अक्षरांत छापा.

– आपली नियमित वाचक, सातारा