सात नंबरचं पावती पुस्तक

पेण,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय बाळू,

होळीनंतर तुला पत्र नाही. फोनही मीच दोनदा उचलला नाही. साखर आटोक्यात आहे, गुडघा होता तसाच आहे. गणपती नीट पार पडले. आता लगेच मूळ गोष्ट सांगतो, नाहीतर हाही कागद आधीच्या तिघांसारखा अर्धाच राहील.

आपल्या गणेश मंडळाची १९९३ ची हिशेबाची वही सापडली. तिच्याबरोबर सात नंबरचं पावती पुस्तकही.

कुठे सापडलं ते आधी ऐक. मखराच्या पेटीत, जरीच्या जांभळ्या पडद्याच्या घडीत. तोच पडदा, ज्याच्यावरून आपण दोघं एक अख्खी रात्र भांडलो होतो, जांभळा की हिरवा म्हणून. तू जिंकलास, आणि आपला गणपती त्या जांभळ्यात इतका उठून दिसला की मला दहा दिवस कबूल करावं लागत होतं. पडदा अजून चांगला आहे. कडेला थोडी कसर लागली आहे.

पेटी उघडायचं कारण माझी पोरं. यंदा बी.कॉम.च्या मुलांना मी प्रकल्प दिला होता: गणेशोत्सवाने पेणमध्ये किती पैसा येतो आणि तो कुठे जातो, ते हिशेबाने दाखवा. पुस्तकातली तयार उदाहरणं सोडवून मुलं हुशार होतात, पण समोरच्या व्यवहारातून नोंद कशी उचलायची ते त्यांना येत नाही. आपल्या गावात घरटी कारखाना आहे, यापेक्षा चांगला वर्ग कुठे मिळणार?

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी एकच चूक केली. मातीवाल्याची विक्री, कारखान्याची विक्री, मुंबईच्या दुकानदाराची विक्री, सगळं एकाखाली एक लिहून बेरीज मारली आणि कोटीच्या कोटी आकडा घेऊन आली. मी फळ्यावर लिहिलं: समजा शाडू ५०० ला विकली गेली, त्या मातीची मूर्ती कारखान्याने २,००० ला घाऊक दिली आणि दुकानात ती ३,५०० ला गेली. तुमची बेरीज ६,०००. पण गिऱ्हाइकाच्या खिशातून निघाले ३,५००. माती तुम्ही तीनदा मोजलीत. प्रत्येकाने आपल्या हाताने जेवढी भर घातली तेवढीच धरा, ५००, मग १,५००, मग १,५००. आता पुन्हा ३,५०० येतात. वर्ग गप्प झाला, मग हमरापूरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, शाडू तर गुजरातहून येते. मग ते ५०० पेणचे कसे?’’ बाळू, सत्तावीस वर्षांत असा प्रश्न मला चार-पाच वेळाच आला असेल. तिच्याबद्दल पुढे आहेच.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला. किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाचा यंदाचा विमा ४७४.४६ कोटींचा. ‘‘सर, मंडळाची मालमत्ता ४७४ कोटी!’’ मी म्हटलं, खालची ओळ वाच. त्यातले ३७५ कोटी स्वयंसेवक, पुजारी, स्वयंपाकी यांच्या अपघात विम्याचे. सोन्या-चांदीचा भाग ६७.०३ कोटींचा. विम्याची रक्कम ताळेबंदात मालमत्ता म्हणून येत नाही, खर्चाला पडतो तो हप्ता. मोठ्या आकड्याला मुलं फार लवकर भुलतात, मोठी माणसंही.

सगळ्यात जास्त वेळ मी तुमच्या कारखान्यावर घालवला. तुझ्या धाकट्याने वह्या मोकळ्या मनाने पुढे ठेवल्या. लोकांना वाटतं मूर्तिकाराचा धंदा दहा दिवसांचा. पण दिवाळी झाली की साचे बाहेर निघतात, मजुरी दर आठवड्याला जाते, परदेशी जाणारा माल काही महिने आधीच बोटीवर चढतो, आणि इथल्या घाऊक मालाचे शेवटचे पैसे येतात विसर्जन उलटल्यावर, कधी पितृपक्षात, कधी त्याहून उशिरा. मधले महिने पतपेढीच्या कर्जावर. एका मुलाने भाद्रपदातली जमा बघून ‘प्रचंड नफा’ लिहिला होता. त्याला मी कार्तिकापासूनची मजुरी त्याच पानावर ओढायला लावली. नफा अर्ध्यावर आला, आणि व्याज धरल्यावर त्याहून खाली.

यंदा तर ३१ मार्चचा अंतिम साठाच मोठा पेच होता. ३० जानेवारीला उच्च न्यायालयाने पीओपीवरची बंदी कडक पाळायला सांगितली. नियम २०२० पासूनचेच, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, पण या वेळी धाक खरा होता. शेडमध्ये कच्च्या मूर्ती रांगेने उभ्या. त्यांची किंमत काय लावायची? खर्चाने लावली तर वही फुगते. विकून येईल त्या किमतीने लावायची तर विकताच येणार नाहीत असं सगळे म्हणत होते. मग ९ जूनला न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती घडवायला परवानगी दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र नाही. जुलैअखेरीस सहा फुटांवरच्या मूर्तींना पुढच्या मार्चपर्यंत तीही सवलत मिळाली. म्हणजे मार्चमध्ये ज्याला मोल नव्हतं त्याला जूनमध्ये आलं. ताळेबंदाच्या तारखेनंतरची ही घटना मागच्या आकड्यात धरायची का, यावर वर्गात दोन तट पडले. धाकटा मागच्या बाकावर बसून ऐकत होता. नंतर मला म्हणाला, ‘‘दादा, तुमच्या पोरांना परीक्षेचा प्रश्न मिळाला, मला चार महिने झोप नव्हती.’’ २०२० ला करोनात चार फुटांची मर्यादा आली तेव्हाही मोठ्या मूर्ती अशाच प्लॅस्टिकखाली उभ्या राहिल्या होत्या. तुझे तात्या असते तर काय म्हणाले असते, असं तेव्हाही मनात आलं होतं.

तात्यांचं नाव आलंच.

मंडळाच्या जुन्या वह्यांमधून नफा न कमावणाऱ्या संस्थेचा हिशेब शिकवायचा म्हणून पेटी उघडली. हमरापूरच्या मुलीच्या वाट्याला १९९३ आलं. सार्वजनिक उत्सवाची शंभरी, आपण केलेला तो टिळकांचा देखावा, आणि विसर्जन करून आपण झोपलो त्या पहाटे तिकडे किल्लारीचा भूकंप. तिला यातलं काही माहीत नाही, तिचा जन्मच नंतरचा. तिने विचारलं, ‘‘सर, चौदाव्या पानावर ‘रोख कमी ९००’ लिहिलंय. मग पुढे ‘भरून आले’. कोणी भरले?’’

मी म्हटलं, हिशेब लागला नव्हता तेव्हा.

ती म्हणाली, ‘‘९०० ला ९ ने भाग जातो, सर.’’

बाळू, हे वाक्य मी दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहितो. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल शोधा. तिने पुढचं माझ्यासमोरच केलं. भागाकार १०० आला, म्हणजे हजार आणि शतकाच्या घरातले आकडे फिरले आहेत, आणि त्यांच्यात एकाचा फरक आहे. बोट वरून खाली आणलं आणि एका ओळीवर थांबलं. ‘पावती पुस्तक ७, बाजारपेठ, ५,४००.’ मग पडद्याच्या घडीतलं ते पुस्तक घेऊन एकोणचाळीस स्थळप्रतींची बेरीज केली. ४,५००.

तू ४,५०० आणून दिले होतेस. ५,४०० मी लिहिले. अक्षर माझं आहे. चारचं शेपूट मी अजून तसंच काढतो.

त्या सभेत मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. ‘‘सात नंबरचा हिशेब लागत नाही.’’ तुझं नाव घेतलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. भूकंपाला पाठवायच्या पैशात कमी. अण्णा म्हणाले, भरून टाका आणि विषय संपवा. तू काहीच बोलला नाहीस. तात्या उठले, कारखान्यात गेले आणि रंगाऱ्यांना द्यायला ठेवलेल्या पैशांतून नऊशे आणून टेबलावर ठेवले. ज्यांच्या हातची मूर्ती मंडपात बसायची त्यांनी. त्यानंतर तू लग्नांना आलास, माझ्या आईच्या वेळी तर रात्रभर थांबलास, पण मंडपाची पायरी चढला नाहीस. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर तुला लाज वाटेल. तू केलं असशील असं मी बत्तीस वर्षं मनात कुठेतरी धरून होतो, हे तुला आज लिहून सांगतो. तोंडाने सांगता आलं नसतं.

यंदा ऋषीपंचमीला तुमच्या घरी काकूंकडे गेलो होतो. त्यांनी माझ्यासाठी मोदक काढून ठेवले होते. खाऊन आलो. बोललो नाही.

झोप लागत नाही ती यापुढच्या गोष्टीने. २८ तारखेला मंडळाची हिशेबाची सभा आहे. ही पूर्वकालीन बाब, म्हणजे मागच्या वर्षातली चूक, म्हणून वेगळी दाखवायची, वाचून दाखवायची, माझ्या नावासकट, एवढं माझं ठरलं आहे. पण नोंद कशी करू? मी वर्गात सांगितलं, मंडळ तात्यांचे ९०० देणं लागतं, देण्यांत दाखवा. एक जण म्हणाला, व्याजासकट. तेव्हा तीच मुलगी म्हणाली, ‘‘पण सर, मंडळाकडे ते पैसे राहिलेच नाहीत. किल्लारीला गेले. मंडळाची खरी शिल्लक नऊशेने कमीच होती. म्हणजे ते नऊशे त्यांनीच पाठवले. देणं नाही ते, देणगी आहे. पावती द्यायची राहिली.’’

मला तिच्यापुढे उभं राहवेना. घंटा झाली नव्हती तरी वर्ग सोडला.

तिचं बरोबर असेल. पण देणगी माणूस आपल्या मनाने देतो, तात्यांनी ते पैसे आपल्या पोरावरचं बालंट उतरवायला दिले. त्यांना विचारता येत नाही. अण्णाही नाहीत. त्या सभेतले आता मोजून पाच जण उरलेत. सध्याच्या पोरांना तर सात नंबर म्हणजे काय तेही ठाऊक नाही. त्यांच्यापुढे वाचून काय, असं बायको म्हणाली. मला पटत नाही. वहीत लिहिलेलं वहीतच दुरुस्त व्हायला हवं.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठीक झालं ना? आणि ताईच्या सीएच्या दुसऱ्या ग्रुपचं काय? तिला हे पत्र दाखवलंस तरी चालेल, तिला कदाचित नोंद माझ्यापेक्षा चांगली सुचेल. निवृत्तीनंतर पुण्यातच राहणार की इकडे येणार, तेही कळव.

देणं म्हणून दाखवलं तर नऊशे आणि त्यावर मंडळ जे ठरवेल ते काकूंच्या हातात द्यायचे, ते मी माझ्या खिशातून मंडळात भरणार आहे. देणगी म्हणून दाखवलं तर तात्यांच्या नावाने आजच्या तारखेची पावती फाडायची. हे ठरवायचा हक्क मला नाही, मंडळालाही नाही. तुला आणि काकूंना आहे. काकूंना तू सांगणार की मी सांगू, एवढं आधी लिही. मी सांगायला तयार आहे, पण तुझ्या आधी नाही.

वहीत त्या ओळीसमोर मी अजून काहीच लिहिलेलं नाही. सात नंबरचं पुस्तक कपाटात कुलपात ठेवलं आहे. तू २८ ला आलास तर तुझ्या हातात देईन.

तुझा,
नंदू