‘यातना’ नावाचं शहर आणि न लागलेला शुक्रवार: माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: ‘मंकी मॅन’ हा चित्रपट नाकारला, विसरला की हरवला, हे कळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. १५ मार्च २०२४ रोजी आपल्या मंत्रालयाने चित्रपट प्रमाणनाचे नवे नियम अधिसूचित केले. काम जलद होणार, सगळं ऑनलाइन आणि पारदर्शक होणार, पालकांच्या सोयीसाठी ‘यूए’चे (म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या चित्रपटांचे) ७+, १३+, १६+ असे तीन भाग पडणार. वाचून बरं वाटलं. १९८३च्या जुन्या नियमांत ६८ दिवसांची मुदत होती, आता तीही कमी होणार म्हणाले. बरोबर पाच आठवड्यांनी, १९ एप्रिलला, देव पटेलने दिग्दर्शित केलेला आणि त्यानेच नायक रंगवलेला ‘मंकी मॅन’ हा सूडपट इथे लागणार होता. लागला नाही. मग २६ एप्रिल सांगितली, तीही गेली. सेन्सॉर मंडळाच्या परीक्षण समितीने चित्रपट अजून पाहिलेलाच नाही, अशा बातम्या तेवढ्या आल्या.

गंमत बघा, साहेब. १९ एप्रिलला लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा होता, २६ एप्रिलला दुसरा. म्हणजे अठरा पूर्ण झालेल्या माणसाला त्या दोन्ही दिवशी देशाचं सरकार निवडण्याइतकी अक्कल होती, दोन तासांची हाणामारी बघण्याइतकी मात्र नव्हती. योगायोगच असणार.

परदेशात तिकीट काढून चित्रपट पाहिलेला आहे, तेव्हा ऐकीव बोलत नाही. आणि आपला गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, हा काही महान चित्रपट नव्हे. एका निनावी पोराच्या आईला पोलीस अधिकारी राणा मारतो, गाव राजकारणात वजन असलेल्या बाबा शक्तीच्या घशात जातं, आणि पोरगा मोठा होऊन दोघांचा हिशोब करायला निघतो. शहराचं नाव ‘यताना’. मराठी माणसाला एक काना इकडचा तिकडे करायला वेळ लागत नाही.

पहिला भाग उत्तम आहे. गोरिलाचा मुखवटा घालून पैशासाठी मार खाणारा नायक क्वचितच दिसतो. शत्रूंच्या उंची क्लबात शिरायची त्याची पद्धतही साधी आणि खरी वाटते: क्लबच्या मालकिणीची पर्स चोरायची, गल्लीबोळांतून ती हातोहात पळवायची, आणि प्रामाणिक माणूस म्हणून स्वतःच परत नेऊन द्यायची. बक्षीस नको, काम द्या. मग भांडी घासण्यापासून एकेक मजला वर. पिस्तूल आत नेण्यासाठी रस्त्यावरच्या कुत्र्याला आधी खाऊ घालून लळा लावायचा. सूडपटात हे ‘कसं’ नीट दाखवलं की प्रेक्षक ‘का’ विचारत नाही, आणि हे दिग्दर्शकाला कळलेलं आहे.

खटकतं ते पुढे. आईच्या आठवणींचे तेच तेच तुकडे इतक्या वेळा येतात की दुःख बोथट होतं. पहिल्या मोठ्या मारामारीत कॅमेरा इतका अंगावर आणि इतका हलता, की कोण कुठे उभा आहे हेच कळत नाही. शोभिता धुलिपालाला करायला काही ठेवलेलं नाही. अर्धनारीश्वराच्या देवळातले तृतीयपंथी नायकाला वाचवतात आणि पोत्यावर ठोसे मारायचा सराव होतो तो झाकीर हुसेन यांच्या तबल्यावर. तेवढ्या पाच-सात मिनिटांसाठी पूर्ण तिकिटाचे पैसे दिले असते. मकरंद देशपांडे पादुका घालून शांत चेहऱ्याने बाबा उभा करतात, तो बघून अंगावर काटा येतो. अश्विनी काळसेकर आहेतच. पण बाबाचं राजकारण वरवरचं राहतं. व्यवस्था सडली आहे हे दाखवण्यात दोन तास घालवून शेवटी उत्तर काय, तर ठोसा. एवढी टीका करण्यासाठी तरी प्रेक्षकाला चित्रपट बघावा लागतो, नाही का?

कापून दाखवला असता तर चाललं असतं, असं कुणी म्हणेल. चाललं नसतं. मारामारीचा फटका तीन तुकड्यांचा असतो: हात मागे जाणं, लागणं, आणि लागल्यावरचा चेहरा. सेकंदाला २४ चौकटी. मधल्या फक्त १२ काढल्या की अर्धा सेकंद गेला, आणि समोरचा माणूस न लागताच पडतो. लोक हसतात. आवाजाचं तर विचारूच नका. संवाद मधल्या चॅनेलवर असतो. संगीत आणि परिणामध्वनी यांचे वेगळे ट्रॅक हाताशी असतील तर एक शब्द गाळूनही मागचा पाऊस पडत राहतो. बाहेरच्या चित्रपटाचे हे सुटे ट्रॅक वितरकाकडे नसले, की शब्दाबरोबर पाऊस, गर्दी, तबला सगळंच गप्प. थिएटरात तो खड्डा शिवीपेक्षा मोठ्याने ऐकू येतो, आणि शिवी कोणती होती हे मागच्या रांगेतला पोरगा सगळ्यांना सांगतो. २०२५मध्ये सुपरमॅनच्या ३३ सेकंदांच्या चुंबनाला कात्री लागली तेव्हाही हेच झालं. कुणाची संस्कृती वाचली ते ठाऊक नाही, प्रसंगाची लय तेवढी मेली.

पण कात्री परवडली, साहेब. कात्रीचा कागद असतो. कुठल्या दृश्यातले किती सेकंद, कोणत्या कारणाने, ते लिहून मिळतं. परीक्षण समितीने नाही म्हटलं तर पुनरीक्षण समिती आहे. तिनेही नाही म्हटलं तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं. १९९६मध्ये फुलनदेवीवरचा चित्रपट सर्वोच्च न्यायालयाने ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्रावर मोकळा केला, तो याच न्यायाधिकरणाचा निर्णय कायम ठेवून. तो सूडपटच होता, आणि ‘मंकी मॅन’पेक्षा शंभरपट जळजळीत. एप्रिल २०२१मध्ये तुम्ही ते न्यायाधिकरणच बंद केलंत. आता थेट उच्च न्यायालय. ठीक आहे, जाऊ. पण घेऊन काय जाऊ? अपील नकाराच्या आदेशाविरुद्ध करतात. चित्रपट पाहिलाच नाही तर आदेश नाही, आदेश नाही तर अपील नाही. परदेशी कंपनीला इथे उद्याही धंदा करायचा आहे, ती कशाला भांडेल? बंदी घालायची तर सही करावी लागते. फाइल पडू दिली की सहीसुद्धा वाचते. इतकं बिनखर्चाचं हत्यार बाबा शक्तीलाही सुचलं नव्हतं.

हिंसेचं कारण सांगू नका. १ डिसेंबर २०२३ला ‘ॲनिमल’ ‘ए’ प्रमाणपत्र घेऊन लागला. ३ तास २१ मिनिटं, कुऱ्हाडींसह. हाऊसफुल्ल. तिथे रक्त चाललं, कारण ते एका घराण्याच्या भांडणातलं होतं. रक्ताचा रंग दोन्हीकडे लालच.

आणि सूडपट बघून लोक कायदा हातात घेतील, ही काळजी असेल तर नागपूरला या. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबानगरच्या बायकांनी जिल्हा न्यायालयात, भर दुपारी, मिरचीपूड आणि चाकू घेऊन एका गुंडाला संपवलं. त्यांना कुठल्या थिएटरात शिकवणी मिळाली होती? वर्षानुवर्षं पोलीस चौकीतून परत पाठवल्याची ती शिकवणी होती. दहा वर्षांनी, २०१४मध्ये, आरोपी पुराव्याअभावी सुटले. देशभरातल्या न्यायालयांत पाच कोटींच्या वर खटले पडून आहेत. एका खटल्यामागे फिर्यादी, आरोपी आणि दोघांची घरची माणसं धरली तर वीस कोटी लोक होतात. हिशोब माझा आहे, चुकला असेल तर दुरुस्त करा, तुमच्याकडे खाती आहेत. नायकाने पहिला ठोसा मारला की शिट्टी वाजवणारे हेच. ती शिट्टी बंद करायची तर पडदा झाकून काय होणार? न्यायाधीश नेमा, चौकीत तक्रार लिहून घ्यायला लावा. पण ते तुमचं खातं नाही, म्हणाल. इथे कुठलीच गोष्ट कुणाच्याच खात्यात नसते.

सिगारेटच्या बाबतीत मात्र तुमचा आमच्यावर केवढा विश्वास! आरंभी ३० सेकंद, मध्ये पुन्हा ३० सेकंद, धूर दिसला की कोपऱ्यात ओळ. दाखवता, सावध करता, ठरवायचं आमच्यावर सोडता. तोच न्याय इथे लावा. बाबा पडद्यावर आला की कोपऱ्यात ओळ टाका: ‘बाबा आरोग्यास हानिकारक आहे.’ आमची हरकत नाही. आणि नायक मारुतीची गोष्ट मनात धरून लढतो ही अडचण असेल, तर मारुती आमच्या गावागावांत वेशीवर उभा आहे, त्याला एका चित्रपटाने धक्का बसेल, हे त्यालाही पटणार नाही.

पैशाचंही एकदा बोलून घेतो. ३०० रुपयांच्या तिकिटावर १८ टक्क्यांनी ५४ रुपये कर, निम्मा तुमचा, निम्मा राज्याचा. वर पंधरा-वीस मिनिटं जाहिराती. एक पडद्याची थिएटरं लग्नाचे हॉल झाली, मराठी चित्रपटाला सकाळी नऊचा खेळ मिळतो, आणि हे सगळं सोसून जो आत जाऊन बसतो त्याच्या समजुतीची परीक्षा पाचजणांची समिती बंद खोलीत घेते. तीही या वेळी घेतली नाही म्हणतात.

मागणं फार नाही. ‘मंकी मॅन’चा अर्ज कोणत्या तारखेला आला, समितीपुढे कधी ठेवला आणि आज कुठे आहे, हे तीन ओळींत जाहीर करा. मुदतीत पाहिला न गेलेला प्रत्येक चित्रपट कारणासह संकेतस्थळावर दिसू द्या. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, खाली नाव आणि सही घाला. आणि न्यायाधिकरण परत आणा.

आपला,
एक प्रेक्षक (वय अठरावर, मतदार यादीत नाव आहे)

ता. क. शेवटच्या मारामारीत बाबाच्या पादुकांमध्ये पाती लपवलेली निघतात. आपल्या अधिकाऱ्यांनी चित्रपट पाहिला नसेल, तर शेवट सांगून टाकल्याबद्दल क्षमस्व.