पोकळी दिसली की टीबीच?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझी धाकटी बहीण ३६ वर्षांची. एक्स-रेत फुफ्फुसात पोकळ्या दिसल्या आणि थुंकीत जंतू सापडले नसतानाही एका दवाखान्यात टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत दोनदा फुफ्फुस फुटून छातीत हवा साठली. नळी घातल्यावर तिला रात्रभर कूस बदलता येईना.

शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. "भिंती बघा, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. टीबीची पोकळी बहुधा जाड भिंतीची." मग सरबत्ती: सिगारेट ओढता? घरात कुणाचं फुफ्फुस असं फुटलंय? चेहऱ्यावर बारीक पुटकुळ्या? (आईला वाटलं, आता कुंडली मागणार!) सिगारेटमुळे झालेल्या पोकळ्या वेड्यावाकड्या, जास्त करून वरच्या भागात, पुटकुळ्यांवाल्या आनुवंशिक आजारात खालच्या भागात. हिच्या मात्र गोल आणि सगळीकडे. पोटाच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडावर गाठ निघाली, तेव्हा उलगडा झाला: 'लॅम', फुफ्फुसात अशा पोकळ्या आणि कधी मूत्रपिंडावर गाठ करणारा, जवळजवळ बायकांनाच होणारा दुर्मीळ आजार. आता त्यावरचं सिरोलिमस हे औषध चालू आहे.

टीबीच्या गोळ्यांनी झालेली कावीळ उतरायला दीड महिना गेला, ते वेगळंच. थुंकी स्वच्छ असताना गोळ्यांआधी एक एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) सांगायला काय हरकत होती?

– एक वाचक, धायरी, पुणे