काळी माइल्ड आणि कडकपणाचा गैरसमज

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बिअरच्या प्रकारांवर आलेला लेख मी आस्थेने वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे हे जाणवते. परंतु काळ्या रंगाच्या बिअर ‘जड आणि कडक’ असतात, आणि ‘माइल्ड’ म्हणजे नवख्यांसाठी केलेली फिकट, सौम्य बिअर, अशी दोन विधाने त्यात एकापाठोपाठ आली आहेत आणि ती दोन्ही चुकीची आहेत. इंग्लंडमध्ये जिला माइल्ड म्हणतात ती बिअर बहुधा गडद तपकिरी असते, उजेडासमोर धरली तर तिच्यात माणकासारखी लाल झाक दिसते, आणि तरीही तिच्यातील मद्यार्क साधारण तीन ते साडेतीन टक्केच असतो. मी बरीच वर्षे बर्मिंगहॅममध्ये राहते आणि गेली काही वर्षे ही बिअर घरी स्वतः तयार करते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

चूक कुठून येते, हे समजण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्या दुकानात बिअरच्या बाटलीवर ‘माइल्ड’ किंवा ‘स्ट्राँग’ असे लिहिलेले असते आणि तिथे त्या शब्दांचा अर्थ मद्यार्क कमी की जास्त एवढाच असतो. मात्र त्याच दुकानातल्या बहुतेक ‘स्ट्राँग’ बिअर फिकट सोनेरी रंगाच्या असतात, याकडे आपले लक्ष जात नाही. बेल्जियमची ‘डुव्हेल’ ही बिअर वाळलेल्या गवतासारखी पिवळी असते आणि तिच्यात साडेआठ टक्के मद्यार्क असतो. उलट काळीभोर दिसणारी नळाची ‘गिनेस’ सव्वाचार टक्क्यांच्या आसपास असते. बिअरला काळा रंग येतो तो भाजलेल्या माल्टमुळे (मोड आणून वाळवलेल्या धान्यामुळे), आणि त्यासाठी असे माल्ट अगदी थोडे पुरते. मद्यार्क किती होणार, हे धान्यातून उतरलेल्या साखरेवर आणि त्यातली किती साखर यीस्टने खाल्ली यावर ठरते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी जवळजवळ काहीच संबंध नाही.

‘माइल्ड’ या शब्दाचा मूळ अर्थही ‘सौम्य’ नव्हता. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जी बिअर महिनोन्‌महिने पिंपात ठेवून मुरवली जाई आणि जिला त्यामुळे किंचित आंबूस धार येई, ती जुनी बिअर. आणि जी अशी न मुरवता ताजी विकली जाई, ती माइल्ड. आपल्याकडे मुरलेले लोणचे आणि ताजे लोणचे यांत जो फरक आपण करतो, तसाच हा भेद होता, म्हणून मला विचाराल तर त्या जुन्या ‘माइल्ड’साठी मराठीत ‘कोवळी’ हाच शब्द योग्य ठरेल. ही कोवळी बिअर एकोणिसाव्या शतकात बहुधा फिकट रंगाची आणि चांगली कडक असे; पिंपांवर तिच्या ताकदीप्रमाणे एक, दोन, तीन फुल्या मारलेल्या असत आणि सहा-सात टक्क्यांची माइल्ड ही त्या काळी काही अपूर्वाई नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती हळूहळू गडद होत गेली.

तिची ताकद मात्र उतरली ती पहिल्या महायुद्धाने. नोव्हेंबर १९१४ मध्ये बिअरवरचा कर एका पिंपामागे ७ शिलिंग ९ पेन्सवरून एकदम २३ शिलिंग झाला, पुढे तो वाढतच गेला, धान्य वाचवण्यासाठी निर्बंध आले, आणि आंबवण्यापूर्वीच्या द्रवाची विशिष्ट घनता, जी युद्धापूर्वी देशभरात सरासरी १.०५० च्या पुढे होती, ती १९१८ पर्यंत १.०३० च्या आसपास आली. ज्या वाचकांना हायड्रोमीटरची, म्हणजे घनता मोजण्याच्या उपकरणाची, सवय नाही त्यांच्यासाठी सांगते, की शुद्ध पाण्याची घनता १.००० धरतात आणि तिच्यावरचा प्रत्येक अंक म्हणजे मुख्यतः त्यात विरघळलेली साखर. युद्ध संपले, तरी माइल्ड पूर्वपदावर आली नाही. खाणींत आणि ओतशाळांत दिवसभर घाम गाळून आलेल्या कामगारांना तहान भागवणारी, पोटाला आधार देणारी आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीला त्रास न देणारी बिअर हवी होती. विशेषतः बर्मिंगहॅमच्या पश्चिमेच्या ‘ब्लॅक कंट्री’ नावाच्या पट्ट्यात हीच त्यांची रोजची बिअर झाली. पुढे बिटर आणि लागर या बिअरच्या दुसऱ्या प्रकारांनी तिला मागे टाकले, आणि अनेक पबांतून तिचा नळच निघून गेला. १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘कॅम्रा’ ही ग्राहक चळवळ दरवर्षी मे महिना माइल्डसाठी राखून ठेवते, त्यामागे हीच काळजी आहे.

जुन्या ताकदीची आठवण ठेवणारी एक माइल्ड आजही याच पट्ट्यात, सेजली गावच्या ‘बीकन’ पबच्या मागच्या आवारात तयार होते. सेरा ह्यूज या बाईंनी १९२१ मध्ये तो पब घेतला होता. त्यांच्या नावाची ती गडद माइल्ड सहा टक्क्यांची आहे, आणि मध्यंतरी बंद पडलेले ते काम त्यांच्या नातवाने १९८७ मध्ये पुन्हा सुरू केले. एका घरात एक कृती टिकून राहिली म्हणून एक चव परत आली. मला मिळालेली कृतीही अशीच हातोहात आलेली असल्यामुळे या गोष्टीचे मला विशेष वाटते.

ती कृती मला दिली लंडनच्या उत्तर भागात राहणाऱ्या एका वृद्ध इंग्रज गृहस्थांनी. चाळीस वर्षे ते घरी माइल्ड करत आले आहेत आणि जो मागेल त्याला ती कृती स्वतःच्या हाताने लिहून देतात. त्यांचा कागद पौंड आणि औंसांत आहे. तो ग्रॅममध्ये उतरवून देते. पाच ब्रिटिश गॅलन, म्हणजे पावणेतेवीस लिटर बिअरसाठी ‘मॅरिस ऑटर’ जातीच्या जवाचे फिकट माल्ट २ किलो ९५० ग्रॅम, क्रिस्टल माल्ट ३४० ग्रॅम, चॉकलेट माल्ट १७० ग्रॅम, आणि उकळीच्या आरंभी घालायचे ३५ ग्रॅम फगल जातीचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले. माल्ट म्हणजे जवाला मोड आणून वाळवलेले धान्य. नाचणीचे सत्त्व ज्या घरात होते तिथे यातले काहीच नवे वाटणार नाही. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसते, ते फक्त त्या रंगावर येईपर्यंत भाजलेले असते, आणि वरच्या हिशेबात पाहावे, की बिअर काळी करणारा हा घटक एकूण धान्याच्या पाच टक्केही नाही.

काम असे, की भरडलेले माल्ट गरम पाण्यात तासभर मुरत ठेवायचे, म्हणजे धान्यातली विकरे (एन्झाइम्स) पिष्टाची साखर करतात. मग ते गोड पाणी गाळून, हॉप्स घालून तासभर उकळायचे, भराभर थंड करायचे आणि एकोणीस-वीस अंश सेल्सिअसला इंग्लिश एल जातीचे यीस्ट घालून आंबवायचे. विरजणाला जसे दुधाचे तापमान सांभाळावे लागते तसेच हेही. तीन आठवड्यांत बिअर पिण्याजोगी होते, कारण कोवळेपणी पिणे हाच तिचा धर्म आहे.

पहिल्या खेपेला मी कागदावरचे प्रत्येक वजन काटेकोर पाळले आणि तरीही बिअर बिघडली. रंग हुबेहूब होता, पण चव पाणचट होती आणि शेवटी जिभेवर जळक्या कॉफीसारखी आंबट धार राहत होती. मी त्या गृहस्थांना फोन केला, तेव्हा त्यांनी माझ्या वजनांविषयी एक शब्दही विचारला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘तुमच्या नळाला पाणी कुठून येते?’ आणि दुसरा, ‘थर्मामीटर तपासला होता का?’

पाण्याचे उत्तर असे आहे. लंडनचे पाणी चुनखडीतून आलेले, जड म्हणजे क्षारयुक्त आणि अल्कधर्मी असते. भाजलेले माल्ट आम्लधर्मी असते, आणि त्या पाण्यात त्याचे आम्ल आपोआप निवते. लंडन शहर ‘पोर्टर’ या काळ्या बिअरसाठी प्रसिद्ध झाले त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. बर्मिंगहॅमचे पाणी मात्र वेल्समधल्या एलान खोऱ्यातल्या धरणांतून १९०४ पासून सुमारे ११८ किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने येते आणि ते अतिशय मऊ असते. त्यात तेच १७० ग्रॅम चॉकलेट माल्ट तासभर राहिले, की आम्लता प्रमाणाबाहेर वाढते आणि ती धार येते. यावर त्यांनी सांगितलेला उपाय सोपा निघाला: गडद माल्ट सुरुवातीला न घालता शेवटच्या पंधरा मिनिटांतच घालायचे. रंग तेवढाच उतरतो, धार जाते. चाळीस वर्षांत त्यांच्या कागदावर पाण्याचा उल्लेख नव्हता, कारण त्यांच्या नळाला दुसरे पाणी कधी आलेच नव्हते.

थर्मामीटरचे उत्तर या पत्राच्या मुख्य मुद्द्याशी जोडलेले आहे, म्हणून ते थोडे सविस्तर लिहिते. कागदावर धान्य ६८ अंशांवर ठेवायला सांगितले होते. माझा थर्मामीटर चार अंश जास्त दाखवत होता, म्हणजे धान्य प्रत्यक्षात ६४ अंशांवर मुरले. साठ ते पासष्ट अंशांच्या दरम्यान जे विकर जोमाने काम करते ते पिष्टाचे बारीक तुकडे करून यीस्टला सहज खाता येईल अशी साखर बनवते. तापमान त्याच्या वर गेले, की ते थकते आणि दुसऱ्या विकराच्या कामातून बऱ्याच मोठ्या, यीस्टला न पचणाऱ्या शर्करा मागे उरतात. या उरलेल्या शर्कराच बिअरला अंग देतात. माझ्या पहिल्या खेपेची घनता आंबण्यापूर्वी १.०३४ होती आणि ती १.००८ पर्यंत खाली गेली, म्हणजे मद्यार्क सुमारे ३.४ टक्के झाला. दुसऱ्या खेपेला थर्मामीटर बदलून, धान्य खरोखर ६८ अंशांवर ठेवून, त्याच वजनांनी मी बिअर केली, ती १.०३४ वरून १.०१२ वर थांबली आणि मद्यार्क २.९ टक्के झाला. चवीला ही दुसरी बिअर भरदार होती, तिच्यात भाजलेल्या पावाच्या कडेचा, खजुराचा आणि थोडा कोकोचा स्वाद होता, आणि घरी आलेल्या पाचही जणांनी तीच जास्त कडक असल्याचे ठामपणे सांगितले. जी पाणचट लागत होती तिच्यात मद्यार्क जास्त होता, आणि जी दमदार लागत होती तिच्यात कमी. दोन्हींचा रंग सारखाच होता. आपल्या लेखातल्या ‘जड आणि कडक’ या जोडशब्दाला माझी हरकत आहे ती याच कारणाने, कारण जडपणा आणि कडकपणा या दोन गोष्टी माझ्या स्वयंपाकघरात मी उलट दिशांना जाताना मोजल्या आहेत.

याला व्यवहारातही महत्त्व आहे. काळी म्हणजे कडक असे मानणारा माणूस आठ टक्क्यांची सोनेरी बिअर हलकी समजून पितो आणि मग गाडी चालवायला बसतो. वाचकाला रंगावरून अंदाज बांधायला शिकवण्यापेक्षा बाटलीवरचा टक्केवारीचा आकडा वाचायला सांगावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. ब्रिटनमध्ये तर १ ऑगस्ट २०२३ पासून सर्वच मद्यांवरचा करही मद्यार्काच्या टक्केवारीवर बसतो आणि साडेतीन टक्क्यांच्या खालच्या पेयांना कमी दर लागतो. गडद माइल्ड बहुतेकदा या सवलतीच्या आत किंवा अगदी काठावर असते.

एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. मी कृती लिहिली आहे ती जिथे असे करणे कायदेशीर आहे तिथल्या वाचकांसाठी. ब्रिटनमध्येही १८८० पासून घरी बिअर करणाऱ्याला परवाना लागत असे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढली, तेव्हापासून घरच्यापुरती बिअर करता येते, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि तिथल्या वाचकांनी हे पत्र केवळ माहिती म्हणून वाचावे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि ही कृती करून पाहणाऱ्या मराठी वाचकांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा असतो आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, वरची वजने पाच अमेरिकन गॅलनला वापरली, तर घनता १.०४० च्या आसपास जाईल आणि बिअर ठरल्यापेक्षा कडक होईल. आणि ही कृती पुढे कोणाला दिलीत, तर वजनांच्या शेजारी आपल्या गावचे पाणी मऊ की जड हे अवश्य लिहा. त्या वृद्ध गृहस्थांनी आता आपल्या कागदाच्या तळाशी मऊ पाण्यासाठीची पंधरा मिनिटांची सूचना लिहायला सुरुवात केली आहे.

लेखातली दोन्ही विधाने पुढील अंकात दुरुस्त करावीत, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, बर्मिंगहॅम