थायरॉइडच्या नव्या रुग्णाला जुना रुग्ण भेटवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत थायरॉइडच्या कर्करोगावर डॉक्टरांचा लेख वाचला. शस्त्रक्रिया, किरणोत्सारी आयोडीन, जन्मभराची गोळी, सगळं त्यात नीट आलं आहे. राहिलं ते एवढंच की या उपचारांतून आधी गेलेल्या माणसाशी नव्या रुग्णाची गाठ घालून द्यायला हवी. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, तरी ते बहुतेक ठिकाणी होत नाही.

आपल्याकडे थायरॉइड घरोघरी आहे. त्यामुळे गळ्याचं ऑपरेशन झालं असं कळलं की शेजारीण, नणंद, ऑफिसातली मैत्रीण, सगळ्या म्हणतात, "अगं, मलाही आहे. सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची की झालं." मनाने चांगल्याच असतात बिचाऱ्या. पण त्यांची ग्रंथी कमी काम करते आणि आम्हा कॅन्सरच्या रुग्णांची काढूनच टाकलेली असते. त्यांचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) जागेवर आणायचा असतो, आमच्यापैकी अनेकांचा तो मुद्दाम खाली ठेवायचा असतो, म्हणून आमचा डोस मोठा. मैत्रिणीच्या डोसाशी तुलना करून स्वतःची गोळी अर्धी करणारी बाई मला ओपीडीच्या बाकावर भेटली आहे. दुसरीकडे दवाखान्यात ऐकायला मिळतं, "कॅन्सरच व्हायचा तर हा बरा." या कॅन्सरचा नेहमी आढळणारा पॅपिलरी प्रकार बहुतेकांचा बरा होतो हे खरंच आहे, त्याबद्दल तक्रार कशाला करू? पण हे वाक्य कानावर पडलं की रुग्णाला घाबरण्याचीही चोरी होते.

खरी गरज पडते ती आयोडीनच्या आधीच्या दिवसांत. शरीरात टीएसएच वाढला तरच ऑपरेशननंतर उरलेल्या थायरॉइडच्या पेशी हे किरणोत्सारी आयोडीन नीट ओढून घेतात आणि त्याने मरतात, म्हणून तीन-चार आठवडे गोळी बंद ठेवतात. (गोळी बंद न करता काम भागवणारं इंजेक्शन आहे, पण ते सामान्यांच्या खिशाबाहेरचं.) या दिवसांत चेहरा सुजतो, थंडी वाजते, जिना चढवत नाही, टीव्हीवर जाहिरात लागली तरी रडू येतं. हे गोळी बंद असल्यामुळे होतंय आणि गोळी सुरू झाली की ओसरणार आहे, असं कागदावर एका ओळीत लिहिलेलं असतं. घरच्यांना मात्र ती ओळ दिसत नाही. त्यांना दिसते ती दिवसभर पडून राहिलेली सून.

त्यातच, पेशी आयोडीनला भुकेल्या राहाव्यात म्हणून, आयोडीन कमी असलेला आहार. कागदावर 'आयोडीन नसलेले मीठ' असं छापलेलं असतं आणि खाण्याचं असं मीठ विकायला तर देशात 2006 पासून बंदी आहे. वाण्याकडे मागितलं तर तो आपल्याकडेच संशयाने बघतो. मासे नाहीत, सुकट-जवळा नाही, दूध-दही नाही, अंड्यातलं पिवळं नाही, बेकरीचं काही नाही, विकतचं लोणचं-पापड नाही. आमच्या कोकणात एवढं सगळं वगळल्यावर ताटात काय उरतं, हे कागद लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नसावं. मला ते सांगितलं मालवणकडच्या एका काकूंनी, मुंबईत एका रुग्णालयाच्या रांगेत. "उपासाचा मीठ घे गे. पण पुडीवर काय लिवलला हा ता आधी वाच." काही कंपन्या सैंधवातही आयोडीन घालतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. भाकरी, भात, वरण, त्या बिनआयोडीनच्या मिठातली घरची भाजी, बिनदुधाचा चहा. त्यांनी रांगेतच माझा आठवडा लावून दिला.

ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतून येणारं हे आयोडीन घेतल्यावर रुग्णाला एकट्याला वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याचा किरणोत्सार आपोआप निम्मा व्हायला आठ दिवस लागतात, त्यामुळे घरी सोडल्यावरही काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहावं लागतं. पाणी भरपूर प्या, संडासात दोनदा पाणी सोडा, हे नर्स सांगतात आणि नीट सांगतात. पण दोन वर्षांच्या पोराला आईने घरी येऊनही कडेवर घेतलं नाही तर ते दाराशी बसून आकांत करतं. तेव्हा त्याला तिच्या परतण्याआधीच आजीकडे पोचवलेलं बरं, हा सल्ला ज्या बाईच्या दाराशी असं पोर रडलंय तीच देऊ शकते.

असा आधार आपल्याकडे नवा नाही. 'मुक्तांगण'मध्ये व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्याला धरून बसतो. कोड असलेल्यांसाठी पुण्यात 'श्वेता' आहे. कॅन्सरमध्येही स्तनाच्या आणि स्वरयंत्राच्या रुग्णांना भेटायला बरे झालेले रुग्ण जातात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परगावचे रुग्ण उतरतात, तिथे तर हे काम कुणी न सांगता चालतं. थायरॉइडचा रुग्ण मात्र 'बरा होणारा' म्हणून यातून सुटतो. पुरुष तर फारच सुटतो. हा आजार बायकांचा समजला जातो आणि त्याला बोलायला दुसरा पुरुष रांगेत सापडत नाही.

जिथे आयोडीनचे उपचार होतात तिथे आठवड्यातून एक सकाळ, ओपीडीच्या शेजारच्या खोलीत, दोन जुने रुग्ण बसवावेत. त्यांची निवड आणि तयारी रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांनी करावी. गाठ घालताना आजाराचा प्रकार बघावा, कारण थायरॉइड कॅन्सरच्या मेड्युलरी नावाच्या प्रकारात आयोडीनचा उपयोगच नसतो. तिथल्या रुग्णाला माझ्या गोष्टी ऐकवून उपयोग नाही, उलट त्रासच. आणि डोस, रिपोर्टमधले आकडे, काढे यांवर अवाक्षर काढायचं नाही, ही अट पहिल्या दिवशीच घालावी. ऑपरेशननंतर बोटांना मुंग्या येत असतील तर "मलाही यायच्या" म्हणून धीर देत बसू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवावं. कॅल्शियम उतरल्याची ती खूण असू शकते. आम्हाला जे कळतं ते मिठाचं, झोपेचं, रडण्याचं, गळ्यावरच्या व्रणावर मंगळसूत्र कसं टोचतं त्याचं. तेवढंच बोलावं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईला आयोडीनसाठी जाणाऱ्या कुणालाही बोलायचं असेल तर माझी तयारी आहे. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्र कागदावर पाठवला आहे, तो विचारणाऱ्या रुग्णाला द्यावा. पत्राखाली नाव मात्र छापू नये. घरात लग्नाची मुलगी आहे, आणि स्थळं बघायला येणारी माणसं आईचे आजार विचारतात.

आपली,
एक वाचक, जि. रत्नागिरी