हे खातं काय?

आदरणीय चाचा,

सलाम.

हे पत्र तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि तेही कटिंग मशीन बंद झाल्यावर, असं तुमच्या नातवाला बजावून ठेवलंय. समोर उभं राहून आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच गठ्ठा ठोकून सारखा करायला घेता आणि ‘चाय पी’ म्हणता. बोलणं तिथंच संपतं. म्हणून चारचौघांना दिसेल असं लिहितेय. लोक माझ्या कागदी प्राण्यांचं कौतुक करतात तेव्हा त्यामागं लातूरच्या गंजगोलाईजवळच्या एका गल्लीतलं बाइंडिंगचं दुकान आहे, हे त्यांनाही कळलं पाहिजे.

२०१५ च्या दिवाळीनंतर मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले. काळा कार्डशीट कुठंच मिळत नव्हता. तोवर मी जे काही कापत होते ते आईकडून आलेलं. ती फळ्यांवर अंथरायला जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या घालून कात्रीनं झालर कापायची. चुलीच्या धुरानं महिन्याभरात पिवळी पडली की नवीन. मला त्या झालरीच्या भोकांत डोळे दिसायचे, चोची दिसायच्या. पुढं मी तेच कापत गेले: शिंगं असलेला मासा, पाठीवर कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घेऊन चालणारं कासव, शेपटीला ज्वारीचं कणीस असलेला मोर. घरचे म्हणायचे, रुखवतासाठी काहीतरी कामाचं कर.

तुम्ही तसं म्हणाला नाहीत. लग्नपत्रिकांच्या कागदाची कात्रणं पोत्यात भरून ठेवली होती, ते पोतं माझ्यापुढं ओतलंत. मग माझ्या वहीतलं ते शिंगाचं मासोळं हातात घेऊन उजेडाला धरलंत आणि विचारलंत, “ये खाता क्या?”

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापर्यंत मी फक्त सुंदर दिसेल ते कापत होते. घरी जाताना रिक्षात डोक्यात तेच: शिंगं आहेत म्हणजे कुणाशी तरी झुंजत असणार, पाण्यात झुंजायचं कुणाशी, आणि पोट भरायचं कशानं? रात्री नवीन मासा कापला. त्याच्या पोटात शेवाळाची जाळी कापली आणि शिंगांवर शेवाळ खरवडल्याच्या खुणा. तो मासा जिवंत वाटला. तेव्हापासून एकही प्राणी त्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय मी कागदावर उतरवलेला नाही.

कागद ओळखायला तुम्हीच शिकवलंत. “कागज की भी रग रहती बेटा, पैले वो देखना.” कारखान्यात कागद तयार होताना त्यातले तंतू यंत्र चालेल त्या दिशेनं झोपतात, त्या दिशेला कागद सहज वाकतो आणि सरळ फाटतो, आडवा घेतला की हट्ट करतो, घडी घातली तर कडेला तडकतो. तुम्ही कात्रणाची एक पट्टी जिभेवर ओली केलीत, ती वळून पन्हाळीसारखी झाली, आणि म्हणालात, ज्या दिशेला ही पन्हाळ पडली ती रग. आता मी प्राण्याचे लांब पाय, शेपट्या, मिश्या रगेच्या दिशेनंच ठेवते. त्याआधी माझे निम्मे प्राणी पायात मोडायचे आणि मला वाटायचं, हात जड आहे.

कात्री बाजूला ठेवून सर्जिकलच्या दुकानातून ११ नंबरचं ब्लेड आणायला लावलंत तेही तुम्हीच. आधी आतली बारीक भोकं, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. हात स्थिर ठेवायचा आणि कागद फिरवायचा. एकदा कागदाला चार घड्या घालून, कापून तुम्ही माझ्या हातात दिलात, ‘उघड’ म्हणालात. मधल्या वर्तुळातून सोळा पाकळ्या निघाल्या. “गंजगोलाई,” म्हणालात. त्या गोल चौकाला येऊन मिळणारे सोळा रस्ते! मी या शहरात इतकी वर्षं त्या रस्त्यांवरून भाजी आणत होते, आणि ते घडीत दिसले नव्हते.

मग २०१६ चा उन्हाळा आला. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या दिवशी दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तुम्ही खळ कालवायलासुद्धा पाणी पेल्यानं मोजून घ्यायचात, मोरचूद टाकून ती खळ चार दिवस पुरवायचात. त्या दिवसांत मी एक गोम कापायला घेतली. लांबच लांब गोम, अंगाचा प्रत्येक सांधा म्हणजे एक घागर, आणि खाली शेकडो पाय, ते रांगेत उभ्या बायांचे. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत. मी म्हटलं, “तहान खाते.”

तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, “तो फिर पेट बड़ा कर.”

मी सगळ्या घागरी पुन्हा कापल्या, पोटं मोठी केली. सव्वा महिना गेला त्यात. आजही माझं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी त्याच गोमेचं नाव घेते.

ती गोम एका प्रदर्शनाला गेली आणि परत आली ती गुंडाळून, रबर लावून, कुठंतरी ओल लागून. तीन घागरी तुटलेल्या, पाय एकमेकांना चिकटलेले. मी तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडले. तुम्ही काही समजूत घातली नाही. टीपकागद पसरलात, वाफेनं एकेक पाय सोडवलात, तुटल्या जागी मागून पातळ कागदाचं अस्तर लावलंत आणि गोम दोन फळ्यांमध्ये ठेवून वह्या दाबायचा शिकंजा आवळलात. ‘परसों आ’ एवढंच. त्या दोन दिवसांत कुणाच्या तरी हिशेबाच्या वह्या शिकंज्याविना थांबल्या असणार. पैसे द्यायला लागले तर म्हणालात, कात्रणाला भाव नसतो. चाचा, तुमच्या कामाला भाव होता. तो मी आजपर्यंत दिलेला नाही. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, दरवर्षी भज्जीचा आणि आंबिलीचा डबा आणते, त्यानं तो फिटणार नाही हे मला माहीत आहे.

वेरूळला जाऊन ये, असं तुम्ही दोनदा सांगितलंत. मी यंदा गेले. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलेलं आहे हे शाळेत वाचलं होतं, पण शिखराकडे मान वर करून उभी राहिले तेव्हा माझ्या बोटांना ते कळलं: जे काढून टाकलं ते परत लावता येत नाही, त्या कारागिरांनाही येत नव्हतं. २१ नंबरच्या लेण्यात गंगा मकरावर उभी आहे. अर्धा मगर, अर्धा हत्ती, अर्धा आणखी काहीतरी, आणि तरी कुठंही जोड दिसत नाही. मी त्याच्यासमोर उभी राहून हळूच विचारलं, खातोस काय रे? सोबतच्या मैत्रिणीला कळेना मी कुणाशी बोलतेय.

तिथून कागजीपुरा जवळच. तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली तेव्हापासून तिथं हातानं कागद करतात असं सांगतात. एक ताव घेतला, जाड, कडा न कापलेला. तुमच्याकडे आणला तेव्हा तुम्ही चष्मा वर करून त्यावरून बोट फिरवलंत, आडवं, उभं, तिरपं, पट्टी ओली करून पाहिलीत आणि एकदम हसलात. “इसको रग नहीं. चारों तरफ का है.” साचा हलवताना लगदा सगळ्या दिशांना पसरतो म्हणून. तुम्हाला इतकं खूश झालेलं मी क्वचित पाहिलंय. तो ताव मी तेव्हा परत नेला, कारण माझ्या मनात तुमच्यासाठी काहीतरी होतं.

ते आता झालंय. मोठं जनावर आहे. पाठीवर शिकंज्याची मळसूत्री, पायांच्या जागी चार गठ्ठे, शेपटीला सोळा पाकळ्या, कानांत लग्नपत्रिकांची वेलबुट्टी. त्याच्या मानेवर बसून एक लहान पोरगी कागद उजेडाला धरून बघतेय.

पोट तेवढं मी कोरं ठेवलंय. आठ वर्षांहून जास्त काळ तुम्ही विचारत आलात, या वेळी तुम्ही सांगा, ते खातं काय. शुक्रवारी नमाजनंतर येते. ब्लेड सोबत आणते, तुम्ही सांगाल ते तिथंच कापीन.

तुमची,
कात्रणवाली बेटी